सत्तरीनंतरचे लायसन्स : महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
प्रत : मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, नाशिक

विषय : ज्येष्ठ वाहनचालकांची फेरतपासणी आणि गाडी चालवणे थांबवण्याची वेळ

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये गाडी चालवणे थांबवण्याचे वय दिलेले नाही. अठराव्या वर्षी लायसन्स मिळते आणि पुढे वयानुसार त्याची मुदत आखडत जाते, एवढीच तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर खासगी वाहनाचे लायसन्स तिशीच्या आत काढले तर चाळिशीपर्यंत चालते. तीस ते पन्नास या वयात काढलेले दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न या वयातले साठीपर्यंत, आणि त्यानंतर दर खेपेला पाच वर्षे. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरांचा दाखला, म्हणजे नमुना १-अ, जोडावा लागतो. गाडी पुन्हा चालवून दाखवण्याची वेळ येते ती मुदत संपून वर्ष उलटून गेले तरच. ज्याने मुदती सांभाळल्या, त्याची परीक्षा आयुष्यात एकदाच झालेली असते. १९७५ साली एकविसाव्या वर्षी नाशिकला पक्के लायसन्स घेतलेला माणूस २०२५ मध्ये एकाहत्तर वर्षांचा झाला. त्याची परीक्षा झाली तेव्हा द्वारका चौकावरून उड्डाणपूल जात नव्हता. सिन्नर-इगतपुरीवरून जाणारा आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा देणारा समृद्धी महामार्गही तेव्हा नव्हता. रस्ता बदलला, वाहने बदलली, माणसाचे शरीर बदलले. परीक्षा तीच राहिली.

या पन्नास वर्षांत राज्याने त्या माणसाकडे पाहिले असेल तर ते नमुना १-अ मधून. अर्जदाराला फेफरे, चक्कर किंवा मानसिक आजार आहे का, दृष्टिदोष असल्यास चष्म्याने तो भरून निघतो का, रंग ओळखता येतात का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हातापायांत व्यंग आहे का, हे त्यात डॉक्टरांना विचारले आहे. दृष्टीची एक मोजता येणारी कसोटीही त्यात आहे : दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. नमुना वाईट नाही. मात्र त्यातले बहुतेक प्रश्न तरुण माणसातला ठळक दोष शोधणारे आहेत. वयाबरोबर हळूहळू येणारी उणीव त्यात क्वचितच सापडते. दोन्ही बाजूंचे किती दिसते, मानेला किती वळता येते, गोंधळाच्या जागी किती लवकर निर्णय होतो, रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत, यांपैकी काहीच त्यात नाही.

शिवाय हा दाखला किती गांभीर्याने दिला जातो, हा प्रश्न उरतोच. मार्च २०२१ पासून, ज्या नूतनीकरणाला वाहन चालवण्याची चाचणी लागत नाही ते आधारच्या साहाय्याने घरबसल्या करता येते. ही सोय स्वागतार्ह आहे. पेठ रोडच्या कार्यालयात म्हाताऱ्या माणसाला रांगेत उभे करण्यात कोणाचेही भले नव्हते. परंतु त्यामुळे आता अर्जदार आणि परिवहन खाते यांची गाठच पडत नाही. दोघांमध्ये उरतो तो केवळ डॉक्टर. त्याने अर्जदाराला खरोखर समोर बसवून तपासले नाही, तर सगळी व्यवस्था एका सहीवर उभी राहते. खासगी मोटार पंधरा वर्षांची झाली की फेरनोंदणीसाठी ती निरीक्षकापुढे आणावी लागते, आणि पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा. चालक पंच्याहत्तर वर्षांचा झाला तरी त्याला कोणापुढेही यावे लागत नाही. ही विसंगती दूर करण्याजोगी आहे आणि त्यासाठी संसदेत जावे लागत नाही. दाखला कोणत्या डॉक्टरांनी द्यायचा, हे अधिसूचनेद्वारे ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य सरकारकडेच दिला आहे.

वयोमानाने चालकात नेमके काय बदलते, यात सर्वांत आधी येतो डोळा. बाहुली लहान होते, भिंग पिवळट आणि धूसर होत जाते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. समोरून आलेल्या दिव्यांच्या झोताने डोळे दिपले की पुन्हा नीट दिसू लागायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आजचे पांढरे एलईडी दिवे तर फारच प्रखर आहेत. २५ मीटरची कसोटी भर दिवसाची आहे. धोका मात्र सायंकाळी सातच्या सुमारास सुरू होतो. गंगापूर रोडवर रस्ता रुंद झाल्यावर डांबरातच उभी राहिलेली जुनी झाडे, निफाडकडे जाताना हिवाळ्याच्या पहाटेचे धुके, मागे ना दिवा ना परावर्तक अशा कांद्याच्या ट्रॉल्या, हे सारे ज्याला वेळेत दिसत नाही त्याला दिवसा नंबरप्लेट बिनचूक वाचता येऊ शकते.

काचबिंदू याहून फसवा. त्यात मधली दृष्टी शाबूत राहते आणि कडेची हळूहळू जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून ध्यानात येत नाही. अशा चालकाला पुढची बस दिसते, पण डावीकडच्या गल्लीतून निघालेली सायकल दिसत नाही. मोतीबिंदूची गोष्ट मात्र आशेची आहे. अमेरिकेतल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ज्येष्ठ चालकांच्या अपघातांचे प्रमाण, ती न केलेल्यांच्या तुलनेत सुमारे निम्मे आढळले. भारतात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि जिल्हा रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते. म्हणजे तपासणीचा पहिला परिणाम लायसन्स काढून घेणे हा नसून, माणसाला वेळेवर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचवणे हा असू शकतो. या पत्राच्या दृष्टीने तपासणीचे सर्वांत मोठे समर्थन हेच आहे.

डोळ्यांनंतर लक्ष. एकाच वेळी तीन-चार गोष्टींचे भान ठेवणे आणि त्यातली महत्त्वाची चटकन निवडणे वयोमानाने जड जाते. म्हणूनच जगभर ज्येष्ठ चालकांचे अपघात विशिष्ट ठिकाणी जास्त होतात : चौकात, आणि समोरची वाहतूक ओलांडून वळताना. भारतात ते वळण उजवीकडचे. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे आणि मधल्या जागेत आपली गाडी मावेल का, हा अंदाज क्षणात करावा लागतो. द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या ठिकाणी, जिथे पाच दिशांनी दुचाकी आणि रिक्षा घुसत असतात, तिथे हा अंदाज तरुणालाही अवघड जातो. उलट दारू पिऊन, शर्यत लावून किंवा बेफाम वेगाने केलेले अपघात ज्येष्ठांच्या नावावर कमी असतात. त्यांचा स्वभाव सावध असतो. चुकते ते आकलन.

मधुमेहाचा उल्लेख वेगळा करायला हवा, कारण नाशिकच्या घराघरांत तो आहे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याची साखर जेवणाला उशीर झाला की एकदम उतरते. घाम, थरथर आणि भ्रम यांतून तो गाडी चालवत असतानाच भानावेगळा होऊ शकतो. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते आणि तळपाय ब्रेकवर आहे की अ‍ॅक्सिलरेटरवर हे पायाला नीट कळत नाही. सर्दीच्या साध्या गोळीने येणारी गुंगी, झोपेच्या गोळीचा सकाळपर्यंत टिकणारा अंमल, रक्तदाबाच्या औषधाने उठताना येणारी घेरी, यांबद्दल औषध लिहून देतानाच विचारायला हवे : गाडी कोण चालवते?

स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला माणूस बोलण्या-चालण्यात ठीक वाटतो, म्हणून तो ओळखणे सर्वांत कठीण. घरच्यांना दिसणाऱ्या खुणा मात्र बोलक्या असतात. बंपरवर नवे ओरखडे येऊ लागतात आणि ते कसे आले हे सांगता येत नाही. वर्षानुवर्षांच्या रस्त्यावर, म्हणजे पंचवटीतून कॉलेज रोडला येताना, वळण चुकते. हिरवा सिग्नल पडूनही गाडी निघत नाही. इंडिकेटर एकीकडचा आणि वळण दुसरीकडचे. यातली एखादी खूण एकदा दिसली तर काही सिद्ध होत नाही. वारंवार दिसू लागली तर तपासणी टाळू नये.

इतके सारे वाचून सत्तर किंवा पंच्याहत्तर या वयाची सरसकट रेघ मारावी असे वाटू शकते. आकडे त्याला आधार देत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातली होती. भारतीय रस्त्यांवरचे मरण हे प्रामुख्याने तरुणांचे मरण आहे. त्याच नोंदींत मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे होते. हे दोन आकडे ज्येष्ठांच्या प्रश्नात फार महत्त्वाचे आहेत, कारण नाशिकचा ज्येष्ठ चालक बहुतेक वेळा मोटारीत नसतो, तो स्कूटरवर असतो. आणि त्याची स्कूटर काढून घेतली की तो पायी चालू लागतो.

युरोपातला अनुभव नेमका हेच सांगतो. फिनलंडमध्ये सत्तरीनंतर वैद्यकीय तपासणीची सक्ती होती, शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ज्येष्ठ चालकांच्या अपघातांत दोन्ही देशांमध्ये फरक आढळला नाही. पायी चालणाऱ्या ज्येष्ठांचे मृत्यू मात्र फिनलंडमध्ये अधिक होते. डेन्मार्कने २००६ मध्ये सत्तरीपुढच्यांसाठी स्मरणशक्तीची छोटी चाचणी आणली. २०१२ च्या अभ्यासात ज्येष्ठ चालकांचे जीवघेणे अपघात कमी झाल्याचे दिसले नाही, आणि पायी किंवा सायकलवर असलेल्या ज्येष्ठांचे मृत्यू वाढल्याचे दिसले. त्या देशाने २०१७ मध्ये वयावर आधारलेली सक्तीची आरोग्यतपासणी रद्द केली. युरोपाबाहेर न्यूझीलंडनेही ज्येष्ठांची सक्तीची रस्ता-चाचणी २००६ च्या अखेरीस थांबवली.

जपानची वाट वेगळी. तिथे २००९ पासून पंच्याहत्तरीपुढच्या चालकांची बौद्धिक चाचणी होते आणि २०१७ मध्ये ती कडक झाली. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीने एका तरुण आईला आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीला चिरडले. गाडीत बिघाड झाला असे त्याचे म्हणणे होते. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला आणि २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१९ या एका वर्षात जपानमध्ये सुमारे सहा लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केले. मे २०२२ पासून ज्या ज्येष्ठांच्या नावावर वाहतूक नियमभंगाची नोंद आहे, त्यांनाच रस्त्यावरची चाचणी द्यावी लागते. सरसकट सर्वांना नव्हे, ज्यांच्या बाबतीत काही कारण दिसले त्यांनाच बोलावायचे, हा त्यातला घेण्याजोगा भाग आहे.

महाराष्ट्रात अशा कारणावरून पाऊल उचलण्याची तरतूद आधीपासून आहे. कायद्याच्या कलम १६ नुसार, एखाद्या लायसन्सधारकाचा आजार किंवा अपंगत्व यांमुळे तो गाडी चालवण्यास अयोग्य आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर परवाना प्राधिकरण कधीही लायसन्स रद्द करू शकते किंवा त्याच्याकडून नवा वैद्यकीय दाखला मागू शकते. मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही. एकोणऐंशीव्या वर्षी नूतनीकरण झाले तर पुढची पाच वर्षे कोणी विचारणार नाही, हा जो सर्वांत मोठा धोका वाटतो, त्यावर उपाय या कलमात आहे. अडचण इतकीच की सामान्य कुटुंबाला त्याचा पत्ता नाही. वडिलांच्या गाडी चालवण्याची धास्ती घेतलेल्या मुलीने कोणाकडे जायचे, काय लिहून द्यायचे, तिचे नाव गुप्त राहील का, याचे उत्तर कार्यालयाच्या फलकावर किंवा सारथी पोर्टलवर सहज सापडायला हवे.

तेव्हा परिवहन खात्याने काय करावे, याचा क्रम असा असू शकतो. दाखला देणारे डॉक्टर अधिसूचित करताना पासष्टीपुढच्या अर्जदारांसाठी काही किमान तपासण्या बंधनकारक कराव्यात : तक्त्यावर दृष्टी, बोटे हलवून घेतलेली कडेच्या दृष्टीची तपासणी, मान दोन्हीकडे वळवून पाहणे, चालू औषधांची यादी, आणि शंका आली तर घड्याळाचे चित्र काढायला सांगण्यासारखी सोपी स्मरणचाचणी. दहा-पंधरा मिनिटांत हे होते. शेवटची चाचणी फक्त शंका आली तरच घ्यावी. डेन्मार्कचा धडा तोच आहे. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. राज्यभरच्या डॉक्टरांसाठी या तपासणीचे छोटे प्रशिक्षण तयार करायला याहून योग्य जागा शोधावी लागणार नाही. जे दाखले दिले जातात त्यांची अधूनमधून यादृच्छिक पडताळणी व्हावी. ती झाली नाही तर नव्या नियमाचेही कागदच होतील. पंच्याहत्तरीनंतर मुदत पाचऐवजी दोन किंवा तीन वर्षांची करायची असेल तर केंद्राला कायदा बदलावा लागेल; तशी शिफारस राज्याने करावी.

गाडी चालवून पाहण्याची चाचणी दंड म्हणून नव्हे, मार्गदर्शन म्हणून उपलब्ध असावी. नाशिक फर्स्ट ही संस्था मुलांसाठी वाहतूक शिक्षण उद्यान चालवते. त्याच शहरात आजोबांसाठीही अर्ध्या दिवसाचा वर्ग निघू शकतो. प्रशिक्षित निरीक्षक शेजारी बसेल, ओळखीच्या रस्त्यावर एक फेरी होईल आणि निकाल लायसन्सवर न जाता त्या माणसाच्या हाती जाईल. पुष्कळांना त्यातून कळेल की त्यांनी रात्री आणि महामार्गावर चालवू नये, दिवसा घर ते भाजीबाजार खुशाल चालवावे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात लायसन्सवरच अशी अट घालता येते की गाडी घरापासून अमुक अंतरातच चालवायची. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून तूर्त हा निर्णय घरातच व्हावा लागतो.

खेड्यांचा विचार निराळा करावा लागतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात जानेवारी ते एप्रिल ट्रॅक्टर आणि पिकअप रात्रंदिवस धावतात आणि त्यांवर साठी-सत्तरीचे शेतकरी सर्रास दिसतात. पिंपळगाव किंवा लासलगावच्या बाजारात माल पोहोचवणे हा त्यांच्यासाठी उत्पन्नाचा प्रश्न आहे. तिथे नेत्रतपासणीची शिबिरे बाजार समितीच्या आवारात, हंगामापूर्वी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच घेतली तर लोक येतील. ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टी लावण्याची मोहीमही त्याच शिबिरात उरकावी, कारण ती पट्टी म्हाताऱ्या डोळ्यांना सर्वांत आधी वाचवते.

थांबण्याची वेळ आल्यावर काय, हा या विषयाचा अवघड भाग. पत्नीचा दवाखाना, बँक, गोदाकाठची सकाळची फेरी, भजनी मंडळ, हे सगळे एका चावीवर अवलंबून असते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढचे ९.९ टक्के होते आणि तो वाटा वाढतच आहे. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असलेली घरे नाशिकमध्ये गल्लोगल्ली आहेत. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत आणि पासष्ट ते पंच्याहत्तर या वयात निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. त्याचा उपयोग गावाला जायला होतो. नाशिक रोडहून सिव्हिल हॉस्पिटलला जायला तो पुरत नाही. तिथे लागते ती सिटीलिंक, म्हणजे जुलै २०२१ मध्ये महापालिकेने सुरू केलेली शहर बस. बसची पायरी गुडघ्याला झेपेल इतकी खाली आहे का, थांब्यावर बसायला बाक आहे का, चालक म्हातारा माणूस बसेपर्यंत थांबतो का, यावर कितीतरी लोकांचे चावी खाली ठेवण्याचे धाडस अवलंबून आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात मोठी कामे होणार आहेत. त्यांत पदपथ आणि बसथांबे यांना रस्त्याइतकेच स्थान मिळाले, तर वयोवृद्ध चालकांचा अर्धा प्रश्न सुटेल.

चावी खाली ठेवलेले बरेच जण बॅटरीच्या कमी वेगाच्या स्कूटरकडे वळतात. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या अशा गाडीला लायसन्स लागत नाही. म्हणजे ज्याने दृष्टी किंवा तोल गेला म्हणून लायसन्स सोडले, तो विनालायसन्स पुन्हा त्याच चौकात, दोन चाकांवर, बहुधा हेल्मेटशिवाय उतरतो. या गाड्या विकणाऱ्यांनी ज्येष्ठ ग्राहकाला किमान हेल्मेट द्यावे आणि तोल सांभाळून चालवता येते का हे पाहूनच गाडी हाती द्यावी, अशी सूचना खात्याने काढायला हरकत नाही.

शेवटी एक सोय, जी आजही उपलब्ध आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. लायसन्सवर नोंदलेल्या वाहनवर्गांपैकी एखादा वर्ग परत करता येतो आणि ही सेवाही घरबसल्या मिळणाऱ्या सेवांच्या यादीत आहे. ज्याला दुचाकीचा तोल सांभाळत नाही पण मोटार व्यवस्थित चालवता येते, त्याने दुचाकीचा वर्ग सोडावा आणि मोटारीचा ठेवावा. हात थरथरू लागलेल्याने दोन्ही सोडावेत. पुष्कळ ज्येष्ठ मात्र गाडी विकून झाल्यावरही लायसन्सचे नूतनीकरण करत राहतात, कारण बँकेत आणि विमानतळावर ते ओळखपत्र म्हणून चालते. जपानमध्ये लायसन्स परत करणाऱ्याला त्याच्या वाहनचालनाच्या इतिहासाचे प्रमाणपत्र मिळते आणि ते ओळखपत्र म्हणून वापरता येते. महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानेही इतकी वर्षे गाडी चालवलेल्या नागरिकाला, त्याच्या छायाचित्रासह, असे कार्ड द्यावे आणि ते ओळखीचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावे, अशी मागणी या पत्राद्वारे करण्यात येत आहे.

नाशिक